पोरीचे तान्हे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तणसाची, धानाच्या पेंढ्याची, दोरी वळणं. धान कापून बांधीत, म्हणजे खाचरात, पसरून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी भारे बांधायचे होते. बाजारात आता नायलॉनची दोरी मिळते, सगळं गाव तीच आणतं, पण माझ्या बायकोला ती चालत नव्हती. गुरांच्या पोटात जाते म्हणायची. तणसाची दोरी एकट्यानं वळता येत नाही. एकानं बसून मुठीमुठीनं तणस सोडायचं आणि दुसऱ्यानं पीळ देत देत मागं सरकायचं. माझे गुडघे गेलेले, म्हणून मी बसणारा आणि ती सरकणारी. सरकत सरकत ती तुळशीपाशी गेली, तिथून फाटकापाशी गेली, आणि तिथूनच माझ्याशी बोलत होती, रस्त्यानं जाणाऱ्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"अजी, तणस बराबर सोडा ना. कुठी जाड, कुठी बारीक. सापानं बेंडूक गिळल्यावाणी दिसते दोरी."

"तुहाच पीळ ढिला हाय."

"माहा पीळ ढिला असता तं तुमचा संसार केव्हाच सुटला असता."

मग पोरीची गोष्ट निघाली. आदल्या दिवशी पोरीचा फोन आला होता. तिकडं तिला गमत नव्हतं, दिवस लवकर मावळतो म्हणत होती.

"येऊ का म्हणत होती," ही फाटकापासून म्हणाली.

"मंग? काय म्हणलं तू?"

"म्हणलं, मधातच शिक्षण सोडून येशीन तं कवाड लावून घेईन."

"आन खरंच आली तं?"

"तं काय, रांधून जेवू घालीन. मंग कवाड लावीन."

दोरी पुरेशी झाली तेव्हा तिनं ती कोपरावर गुंडाळून सपरीत, बाहेरच्या पडवीत, टांगली. सांजेला भात आणि सुकटीचं कालवण केलं. खांदा भरून आला म्हणाली. मी म्हटलं, दिवसभर पीळ दिला, भरून येणारच. जेवून ती लवकर निजली. सकाळी मी तिला चहा मागितला. उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा मागितला. मग उठून जवळ गेलो.

यापेक्षा जास्त त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

पोरगी आमची स्कॉटलंडात शिकते. इंग्लंडच्या वरच्या अंगाला आहे तो देश. बायोमेडिकल सायन्स म्हणतात त्या शिक्षणाला. मी चौथी शिकलेला माणूस, पण हे दोन शब्द मला आता न अडखळता बोलता येतात, कारण गावात कोणाला ना कोणाला ते सांगावेच लागतात. लोकांना वाटते ती डॉक्टरीण होऊन राहिली. डॉक्टर माणसाला तपासतो. ही माणसाच्या आतलं, जे डोळ्यानं दिसत नाही, ते तपासते. मला एवढंच समजते. हिला जास्त समजत होतं, कारण ही विचारत होती. मी फोनवर 'जेवली का, थंडी हाय का' एवढं बोलून फोन हिच्या हातात देऊन टाकत होतो.

पोरीनं हेच शिक्षण का धरलं त्याला कारण आहे. तिच्या आधी आम्हाला एक पोरगा होता. सिकलसेलनं गेला, शाळेत नाव घालायच्याही आधी. तेव्हा आम्हाला आजाराचं नावसुद्धा माहीत नव्हतं. हाडं दुखतात म्हणून रडायचा आणि आम्ही तेल लावत बसायचो. पोरगी भंडाऱ्याला कॉलेजात गेली तेव्हा तिनं आमच्या दोघांच्या रक्ताची तपासणी करायला लावली, आणि मग एक दिवस दोघांना सपरीत बसवून सांगितलं. अर्धं आईच्या रक्तात आहे, अर्धं बाबांच्या. अर्ध्यानं माणसाला काही होत नाही. पण पोरात दोन्ही अर्धे एका ठिकाणी आले.

हिनं तपासणीचा कागद हातात घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मी एकटीनंच नाही दिलं त्याले."

इतकी वर्षं ती ते एकटीच्या अंगावर घेऊन बसली होती. त्या दिवसापासून पोरीच्या शिक्षणात हिचा जीव असा गुंतला की जशी काही हीच परीक्षेला बसणार आहे. स्कॉलरशिप मिळाली तेव्हा गावात पहिले पेढे हिनंच वाटले, आणि पोरगी विमानात बसली तेव्हा सगळ्यांत जास्त रडलीही हीच.

तिकडं पोरीच्या हवाली पेशी आहेत. पेशी म्हणजे ज्या बारीक बारीक कणांनी आपलं अंग झालेलं असतं ते. काचेसारख्या थाळ्यांत ठेवतात, आणि थाळ्या माणसाच्या अंगाएवढी ऊब असलेल्या एका पेटीत. हे सगळं पोरीनं फोनवर हिला समजावून सांगितलं, आणि मी बाजूला बसून ऐकलं.

"कोणाच्या हायेत त्या?" हिनं विचारलं.

"एका सिकलसेलवाल्या माणसानं दिल्या, आई. त्याइच्यापासून रक्त तयार होते. आमी पाहतो, ते बिघडते कसं आन सुधारते कसं."

"जित्या हायेत?"

"हाव. एक दिवस सोडून त्याइचं पाणी बदलावं लागते. तेच त्याइचं खाणं. आयतवारीही जावं लागते."

"आन नाही गेली तं?"

"मरतात."

"मंग जा ना वो बाई, मायासंग बोलत काय बसली!"

त्या माणसाचं नाव काय, हेही हिनं विचारलं. पोरगी म्हणाली, नाव सांगत नाहीत, नुसता नंबर असतो. ते हिला पटलं नाही. "त्याले बरं वाटलं का मंग?" म्हणाली. पोरीला तेही माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर ही मला म्हणाली, "कोणाचं तरी लेकरू असन तेही. ठेवलं आपल्या पोट्टीजवळ सांभाळायले." तेव्हापासून ती त्यांना तान्हे म्हणायला लागली. फोन लागला की पहिला प्रश्न, तान्ह्याइनं खाल्लं का. पोरीनं खाल्लं का, हे त्याच्यानंतर.

एकदा पोरीनं मोठ्या भिंगातून काढलेला फोटो पाठवला. हिनं फोन जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. म्हणाली, "हे तं पऱ्हे टाकल्यावाणी दिसते." पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, एका कोपऱ्यात दाट उगवून घेतो ती. पोरगी म्हणाली, तसंच आहे आई. थाळी दाटली की त्या उचलून दुसऱ्या थाळ्यांत विरळ लावाव्या लागतात, नाहीतर एकमेकींत गुदमरतात.

"म्हणजे रोवणी!" ही इतक्या जोरानं ओरडली की शेजारची बाई कुडावरून डोकावली.

"काय झालं वो काकी?"

"काही नाही. आमची पोट्टी रोवणी करून राहिली तठी. चिखलात नाही, काचेत."

"रोजी किती देतात?" तिनं विचारलं. हिनं तिला हात जोडले.

आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडाचे बैल ओढत घरोघरी जातात, लोक त्यांना खाऊ देतात. यंदा त्या दिवशी हिनं पुरणपोळीचं ताट केलं, पोरीला फोन लावला आणि ताट फोनसमोर धरलं.

"हे काय, आई?"

"तान्ह्याइचा पोळा हाय आज. त्याइले सुट्टी दे."

"अवो आई, त्या काही काम नाही करत."

"काहून नाही करत? तू दवाई टाकून पाहतं, हे करून पाहतं, ते करून पाहतं. सोसतात ना त्या? आज काही टाकू नको त्याइच्यावर. नुसतं खाऊ घाल."

पोरगी तिकडं हसत होती आणि हसता हसता ओढणीनं डोळे पुसत होती. मी म्हटलं, तू तिच्या कॉलेजात नाव बुडवशील तिचं. पण पोरीनं त्या दिवशी खरंच औषधाचं काम बाजूला ठेवलं आणि नुसतं पाणी बदललं. तिच्या वरच्या बाईनं विचारलं तेव्हा सांगितलं, आमच्याकडं आज सण आहे.

तर ही गेली त्या सकाळी मी पोरीला फोन केला. माझा फोन पाहूनच तिला कळलं, कारण मी आपणहून कधी लावत नाही. पोरगी मोठ्यानं रडली नाही. आईनं रात्री काय खाल्लं, काय दुखत होतं, ते विचारलं. मग म्हणाली, "बाबा, थांबू नका. मले यायले वेळ लागन. आईले तसं ठेवू नका."

माझी मोठी बहीण कोंढ्याहून आली होती. ती म्हणे, पोटच्या पोरीला तोंड पाहू दे, बर्फावर ठेवू. मी पोरीचं ऐकलं.

पोरगी पोचली ती राख सावडायच्या दिवशी. बॅग आंगणातच टाकली आणि आमच्यासोबत निघाली. बहिणीनं हात धरला. "बाईमाणूस नाही जात तठी."

"आत्या, मी हेच शिकतो," पोरगी म्हणाली. "मले जाऊ दे."

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीखाली आमचं मसण आहे. राखेवर पाणी शिंपून आम्ही अस्थी वेचायला बसलो. आम्ही माणसं नुसती वेचत होतो, जे हाताला लागेल ते मडक्यात टाकत होतो. पोरगी एक एक उचलायची, तळहातावर ठेवून पाहायची आणि हळूच सांगायची. हे मणक्यातलं. हे पायाच्या बोटाचं असेल. हे मनगटातलं. ती कोणाला सांगत होती मला माहीत नाही. तिच्या आवाजात भीती नव्हती. लहानपणी आईच्या पेटीतून बांगड्या काढून बघायची, तशी बघत होती.

"मनगटाचं इकडं दे," मी म्हटलं.

तिनं माझ्या हातात ठेवलं. गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. मी ते मुठीत धरून बसलो. मग पवनीला जाऊन सगळं वैनगंगेत सोडलं, तेही सोडलं.

धानाचे भारे मोहल्ल्यातल्या लोकांनी बांधले. आम्ही दोघांनी वळलेली दोरीच त्यांनी वापरली. मी विचारलं, पुरली का. पुरली म्हणाले.

पोरगी घरात होती म्हणून घर उभं होतं, हे मी लिहून ठेवतो. सकाळी चुलीपाशी भांडं वाजायचं आणि मी डोळे मिटूनच ऐकत पडायचो. तिचा आवाज आईसारखा आहे. एरवी ते कधी ध्यानात आलं नव्हतं. आता आतल्या घरातून ती "बाबा, चहा" म्हणायची तेव्हा मी दचकून उठून बसायचो आणि बरंही वाटायचं, दोन्ही एकाच वेळी.

गावातली माणसं भेटायला येत. भेटून झालं की हळूच आपला आजार काढत. एक म्हातारी रडून झाल्यावर लगेच लुगडं वर करून बसली.

"पाह्य वो बाई माहा गुडघा."

"मावशी, मी डॉक्टर नाही."

"असू दे. विमानानं आली ना? पाह्य."

पोरीनं पाहिला. दाबून पाहिला, पाय वाकवून पाहिला. म्हातारी म्हणाली, आत्ताच हलकं वाटून राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं अजून दोन गुडघे आणले.

एक दिवस दुपारी पोरीचा फोन वाजला. तिकडची तिची कामातली जोडीदारीण होती, जिच्या हवाली ती तान्हे करून आली होती. पोरगी इंग्रजीत बोलत बोलत आंगणात गेली, आणि मग तुळशीच्या ओट्यावर बसून राहिली. मी गेलो.

"काय झालं?"

"बुरशी लागली, बाबा. पेटीत बुरशी शिरली. तिचा काही दोष नाही. सगळ्या थाळ्या फेकाव्या लागल्या."

"सगळ्या?"

"बुरशी लागली की ठेवता येत नाही. दुसऱ्याच्याही खराब होतात."

 मी म्हटलं, जेवून घे.

त्यानंतर तिनं तिकडचं नावच सोडलं. भंडाऱ्यात एका रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये तिची जुनी मैत्रीण काम करते, तिला फोन केला. जागा आहे म्हणून कळलं. रोज एसटीनं जाईन आणि सांजेला परत येईन, असं तिनं आत्याला सांगितलं. मला नाही सांगितलं, पण मी ऐकलं.

बहीण म्हणाली, "चांगलं झालं. बापाजवळ राहशीन. कायले जातं इतक्या दूर, आता कोण बसलं तठी तुह्यासाठी?"

मलाही ते पाहिजे होतं. पोरगी सांजेला घरी येईल, भात रांधेल, तिचा आवाज घरात राहील, हे मला पाहिजे होतं. आणि हिचं ते कवाड लावून घेणं मला रोज आठवत होतं. पण पोरीला मी त्यातलं काही सांगितलं नाही. काहून सांगू? सांगितलं असतं तर ती गेली असती.

आता आमच्या मोहल्ल्याची एक रीत सांगतो. घरात माणूस गेलं की तेरवीपर्यंत त्या घरचे लोक जनावराच्या दाव्याला हात लावत नाहीत. शेजारी जनावर आपल्या कोठ्यात नेतो, चारतो, पाणी पाजतो. तेरवीची पंगत उठली की तो जनावर परत आणतो आणि चार लोकांसमोर दावं घरधन्याच्या हातात देतो. घरधन्यानं ते दोन्ही हातांनी घ्यायचं आणि जनावराला स्वतः पाणी दाखवायचं. मग सुतक सरलं. माणूस पुन्हा कामाला लागला, असं लोक समजतात.

आमच्याकडं एक म्हैस आहे. हिची म्हैस. हीच तिचं करत होती, हीच दूध काढत होती. माझ्याकडं ती म्हैस पाहतही नव्हती.

तेरवीच्या दिवशी पंगत उठली आणि शेजाऱ्यानं म्हैस आणली. तो तरणा गडी आहे, त्याची बायको म्हणजे ती कुडावरून डोकावणारी. दावं पुढं करून म्हणाला, "काकाजी, घ्या."

मी हात मागं घेतले. "ठेव तुह्याकडंच."

"असं कसं, काकाजी?"

"चांगली हाय, दुधाची हाय. ठेव. मी कोणासाठी करू?"

 बहीण म्हणाली, "भाऊ, असं नाही करत चार लोकांत." शेजारी दावं धरून तसाच उभा. म्हैस माझ्याकडं न पाहता आमच्या कोठ्याकडं पाहत होती.

पोरगी पत्रावळी उचलत होती. हातातल्या तिथंच टाकून आली.

"बाबा, दावं घ्या."

"तू नको सांगू."

"काहून नाही सांगू? आईची म्हैस हाय. तुम्ही असं सोडून द्यान?"

"तू घेतलं का तुहं?"

"माहं काय?"

हे माझ्या तोंडातून कसं निघालं मला कळलं नाही. मनात तर उलटंच होतं. "तठी जोडीदारणीच्या हातात देऊन आली ना? ते घेतलं का परत?"

"बाबा, ते मेले. सांगितलं ना तुम्हाले."

"पऱ्हे सडले म्हणून बांधी पडीक टाकते का कोणी?"

"ते तसं नसते, बाबा."

"कसं असते मंग? तुह्या मायनं कधी कोठीतला सगळा धान पेरला? थोडी बिजाई अलगच ठेवत होती, उंदराच्या वर, पाण्याच्या वर. तिची पोरगी तू. काहीच नाही ठेवलं?"

 तिनं खरकटे हात ओढणीला पुसले. मग एकदम हळू म्हणाली, "दोन शिशा हायेत."

"कुठी?"

"लई थंड्या भांड्यात. बर्फापेक्षाही थंड. धूर निघते त्याच्यातून. पहिल्याच महिन्यात भरून ठेवल्या होत्या."

"जित्या हायेत?"

"निजल्या हायेत. उठवल्या तं उठतात. बहुतेक."

"मंग उठव."

"बाबा, तुम्हाले समजत नाही. उठवल्यावर त्याइच्याजवळच राहावं लागते. पहिले दिवस लई नाजूक असतात. दुसऱ्यावर टाकून होत नाही."

"मी तेच म्हणून राहिलो."

तेव्हा तिला कळलं मी काय बोलून राहिलो, आणि मलाही कळलं. ती रडायला लागली. आल्यापासून चार लोकांसमोर रडली नव्हती, तेव्हा रडली. बहीण माझ्यावर चिडली. "अरे, पोरीले हाकलतं काय?"

"हाकलत नाही," मी म्हटलं. "तिच्या मायनं सांगून ठेवलं होतं. मधात आली तं कवाड लावीन म्हणे."

"मले सांगितलं होतं ते," पोरगी रडता रडता म्हणाली. "तुम्ही बोलत नव्हते म्हणून मले वाटलं, तुम्ही ते विसरले."

"विसरलो नाही."

"मंग तुमचं काय?"

"मी हे घेतो. तू ते घे. नाही तं दोघंही सोडून देऊ. म्हैस जाईन याच्या घरी आन तुह्या शिशा राहू दे थंड्या भांड्यात."

शेजाऱ्याचा हात दुखला असेल, त्यानं दावं दुसऱ्या हातात घेतलं. "काकाजी, लवकर ठरवा. म्हैस पत्रावळी खाऊन राहिली."

खरंच खात होती. कोणीतरी हसलं, मग पोरगी हसली, तोंडावर पाणी तसंच असताना. मी दोन्ही हात पुढं केले आणि दावं घेतलं. म्हशीला टाक्यापाशी नेलं, पाणी दाखवलं. ती प्यायली. लोक आपापल्या घरी गेले.

सांजेला पोरगी फोन घेऊन सपरीत बसली आणि तिकडच्या वरच्या बाईला, जोडीदारणीला, अजून कोणाकोणाला लिहीत राहिली. मी विचारलं, काय म्हणतात. म्हणाली, ये म्हणतात. मग विचारलं, बाबा, खरंच जाऊ? मी म्हटलं, मला आता घडीघडी विचारू नको, माझा शब्द फिरेल.

जाईपर्यंत म्हशीचं दूध तीच काढत होती. शेजारणीला म्हशीनं इतके दिवस अर्धं अर्धंच दिलं होतं. पोरगी जवळ बसून बोलायला लागली की म्हैस सगळं सोडायची. आवाजानं फसत असेल. का फसत नसेल, तिलाही तो आवाज ऐकायचा असेल. जनावराचं काय सांगावं.

पोरीसोबत मी अड्याळपर्यंत गेलो. तिथून तिला नागपूरची गाडी होती. माझ्या गुडघ्यामुळं पुढं येऊ नका म्हणाली. बाजाराचा दिवस होता. बॅगमध्ये आधीच सुकट आणि लाखोळीची डाळ कोंबली होती, तरी मी अजून चणे घेऊन दिले.

"विमानतळावर सुकट फेकून देतात, बाबा. वास येते म्हणून."

"फेकतील तवा फेकतील. आपण आपल्या हातानं नाही फेकायची."

गाडी आली. ती चढली, खिडकीजवळ बसली. मी खालून म्हटलं, "पोचली की पहिले त्याइले पाह्य. मले नंतर फोन कर."

"पहिले तुम्हाले करतो, बाबा."

"पहिले त्याइले."

गाडी गेली. मी पानठेल्याजवळच्या बाकावर जरा बसलो आणि मग परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. पोरगी विमानात होती की उतरली होती, तो हिशेब मला जमत नाही. चुलीपाशी भांडं वाजलं नाही. थोडा वेळ पडून राहिलो, मग म्हैस ओरडली म्हणून उठावंच लागलं. गंज, म्हणजे दुधाचं भांडं, घेऊन कोठ्यात गेलो, खाली बसलो. मी हात लावला तशी तिनं पाय उचलला. पुन्हा लावला, गंज लाथाडला.

कुडावरून शेजारीण म्हणाली, "सरका काकाजी, मी काढून देतो."

"नको. मलेच काढायचं हाय."

घरात गेलो. हिची लुगडी तेरवीला वाटून झाली होती. खुंटीवर एक राहिलं होतं, कोठ्यात जाताना नेसायचं, शेणाचे डाग पडलेलं, म्हणून कोणी नेलं नव्हतं. ते काढलं आणि डोक्यावरून पांघरून आलो.

"अवो माय!" शेजारीण पदर तोंडात धरून हसायला लागली.

"हास. पण हळू हास, म्हैस बिचकन."

म्हशीनं मान वळवली. लुगड्याचा काठ हुंगला, माझा कान हुंगला, पुन्हा काठ हुंगला. मला हिच्यासारखं बोलता येत नाही, म्हणून मी काही बोललो नाही. हात लावला. तिनं पाय खालीच ठेवला. माझ्या हाताला सवय नाही, धार कुठं गंजात, कुठं बाहेर. गुडघे दुखले तरी उठलो नाही.

अर्धा गंज दूध निघालं. तेवढं घेऊन डेअरीवर गेलो. माप करणारा माझ्याकडं पाहतच राहिला, तेव्हा समजलं की लुगडं डोक्यावरच आहे. मी ते काढलं नाही. "दूध मोज," म्हटलं.